तीच धरून आहे

माझे सासरे बोगोमिर
दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलत,
त्यातले बारा कुत्र्याशी.
गुडघे गेले तेव्हा नदीत उतरायला
कुणाचा तरी खांदा लागू लागला,
आणि मुलगा ग्राझला, कारखान्यात.
म्हणून मी. बेकरीच्या सुट्टीचा सोमवार,
सासूबाईंचे रबरी बूट, दोन मापं मोठे,
पुढे लोकरीचे मोजे कोंबलेले.

बाचा तशी लहानच नदी.
दोन्हीकडचे डोंगर इतके जवळ आलेले
की ऊन सकाळी दहाला पोचतं
आणि चारला उठतं, कॉफीही न घेता.
पाणी असं नितळ की खोली कळत नाही.
गुडघाभर वाटलं तिथे मी कमरेपर्यंत गेले
आणि किंचाळले.
"दगड चाचपून," एवढंच.
दोन शब्द. मी मोजत होते.

पत्र्याच्या डबीत त्यांनी बांधलेल्या माश्या,
सशाच्या कानाचे केस, तितराचं पीस, पितळी मणी.
गळाचा उलटा काटा पकडीनं दाबलेला,
सोडताना माशाला लागू नये म्हणून.
त्यांच्या बोटांना आता गाठ जमत नव्हती.
दोरा त्यांनी माझ्यापुढे धरला
दुसरीकडे बघत.
मी ओवला. थुंकी लावून गाठ आवळली.

पण काठी हातात आली
आणि खांद्यापासून खाली ते निराळेच कुणी झाले.
दोर मागे जाई, हवेत क्षणभर थबके,
आणि पुढे येऊन पाण्याला असा टेके
जशी झोपलेल्या घरात कुणी कडी लावावी.

दुपारपर्यंत काही नाही.
बोगद्यातून दोन डब्यांची गाडी आली, गेली.
पाव, चीज, एक कांदा, अर्धा अर्धा.
मग पुलाखाली एक लिपान लागला,
वीतभर, चंदेरी, पाठीवर शिडासारखा पर.
मी जाळी पुढे केली

आणि खडकाखालचा तळच हलला.
मला वाटलं, दगड सुटला.
संगमरवरी ट्राउट. माझ्या हाताएवढी, नाही,
हात, आणि वर पंजा.
अंगावर चर्चच्या जुन्या फरशीसारख्या रेघा.
तिनं लिपान आडवा धरला
आणि खाली निघाली, जराही घाई न करता,
विसरलेली वस्तू न्यायला आल्यासारखी.

काठी वाकली. रीळ करकरलं.
"गळ तिला लागलेलाच नाही," ते म्हणाले.
"तीच धरून आहे."

ती ओढत होती, आम्ही ओढत होतो,
आणि मधे बिचारा लिपान.
ती तळाशी जाई, परत येई,
एकदा इतकी जवळ की तिचा डोळा दिसला,
सोनेरी, रागावलेलाही नाही.
सासरे बोलत होते. तिच्याशी.
सोड गं बाई, काय अडलंय तुझं,
एवढ्याशा घासासाठी कुणी असं करतं का,
बघ, सुनेला घेऊन आलोय, भिजलीय ती,
तू म्हातारी, मी म्हातारा,
आधी कोण सोडतंय बघूया...

"जाळी?" मी विचारलं. ती हातभरच लांब होती.
"नको. लागलेलं नसताना घेतलं तर ती चोरी."

मग तिनं तोंड उघडलं. बस्स.
दोर सैल पडला, सासरे मागे कलंडले,
मी त्यांचा पट्टा धरला,
आणि आम्ही दोघं नदीत बसलो,
छातीपर्यंत, जूनमध्ये, बर्फाच्या पाण्यात.

लिपानाच्या दोन्ही बाजूंना दातांच्या ओळी होत्या,
उसवलेल्या शिवणीसारख्या.
तो काही जगला नाही.
रात्री मक्याच्या पिठात घोळवून तळला.
सासऱ्यांनी शेपटी मला दिली,
आमच्याकडे ती पाहुण्याला देतात,
आणि लग्नाला तर सहा वर्षं झालेली.

नऊला ग्राझहून फोन आला.
आकार सांगायला त्यांना दोन्ही हात लागले,
रिसीव्हर टेबलाखाली लोंबकळत राहिला,
त्यातून नवऱ्याचा आवाज, "हॅलो? हॅलो?"
आणि ते हवेत हात पसरून
माझ्याकडे बघत होते, एवढी ना? एवढी?

थोडी कमी, मी म्हटलं.
त्यांनी हात बोटभर आत घेतले.